हितंच म्हणजे किती?

"शेलाऽर! उठलीस का?"

मधल्या भिंतीवरून हा आवाज आला की आमच्या घरातलं मांजरसुद्धा ताठ उभं राहायचं. माझं लग्न होऊन शेलारची केदारी झाले, पोरं मोठी होऊन कॉलेजला गेली, तरी ओव्हाळबाईंच्या लेखी मी शेलारच. एकदा धीर करून म्हटलं, "बाई, आता मी केदारी आहे हो." तर म्हणाल्या, "ते सासरच्यांना सांग. माझ्या हजेरीत शेलार आहे."

सुलोचना ओव्हाळ आम्हाला भूगोल शिकवायच्या. लोणावळ्यात माझ्या वयाच्या कुणाहीपुढे बाईंचं नाव काढा, माणूस आधी पाठ सरळ करतो आणि मग बोलतो. माझं दुर्दैव म्हणा की नशीब, तुंगार्लीत ज्या घरात मी सून म्हणून आले ते नेमकं बाईंच्या भिंतीला भिंत लावून निघालं. लग्न ठरवताना माझ्या आईने सासूची चौकशी केली, नणंदेची केली, शेजारी कोण राहतं हे काही कुणी बघितलं नाही.

बाई उंचीला बेताच्या, अंगाने काटक. केसांचा घट्ट अंबाडा आणि गळ्यात दोरीला अडकवलेली शाळेची शिट्टी. निवृत्त झाल्यावर माणसं घड्याळ काढून ठेवतात, बाईंनी शिट्टी ठेवली. भाजीवाला पुढे निघून गेला की शिट्टी, आळीतली कुत्री भांडली की शिट्टी, माझा नवरा स्कूटर त्यांच्या दारात लावायला लागला की लांबलचक शिट्टी. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्यांच्याच रांगेत मावळ तालुक्याचा मोठा नकाशा. पाहुण्याला आधी पाणी द्यायच्या, मग त्याचं गाव नकाशावर दाखवायला सांगायच्या.

वर्गात बाईंचा जुलूम एकाच गोष्टीचा. आम्ही निम्मी पोरं आजूबाजूच्या गावांतून येणारी, तोंडात हितं, तितं, कुटं, न्हाई. बाई हातातला खडू खाली ठेवायच्या. "हितं नाही, इथे. तितं नाही, तिथे. म्हण." ते म्हणेपर्यंत धडा पुढे सरकायचा नाही. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे 'हितंच'. आमच्या मावळात कुणालाही विचारा, अमुक गाव कुठे आहे? उत्तर ठरलेलं, "ह्ये काय, हितंच." मग ते गाव समोरच्या चिंचेमागे असो नाहीतर तीन डोंगर ओलांडून असो. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा गण्या म्हणून आमच्या वर्गातल्या पोराला त्यांनी नकाशापुढे उभं केलं, हातात पट्टी दिली आणि विचारलं, "लोहगड आपल्या शाळेपासून किती?"

"हितंच हाय, बाई."

"हितंच म्हणजे किती? मोज."

गण्याने पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाला, "बाई, पट्टीवर हितंच न्हाई."

सगळा वर्ग खोखो हसला. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आम्हाला नुसता त्यांचा अंबाडा हलताना दिसत होता.

बाईंचे मिस्टर रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मिलिंद बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. बाई एकट्या राहायच्या आणि मजेत राहायच्या. मग एका पावसाळ्यात मागच्या दाराशी शेवाळावरून पाय घसरला आणि त्या पडल्या. मनगट मोडलं, कंबरेला असा मार की उठता येईना. पडल्या पडल्या शिट्टी वाजवत राहिल्या. आणि सगळी आळी आपापल्या घरात बसून म्हणत होती, बाई आज कुत्र्यांच्या फारच मागे लागल्यात! मी माझ्या शिवणाच्या दुकानात होते. शेवटी माझ्या सासूबाईंना कटकट झाली आणि त्या भांडायला म्हणून भिंतीशी गेल्या, तेव्हा कळलं.

मिलिंद मिळेल त्या गाडीने धावत आला. बाईंच्या हाताला प्लास्टर, आणि रडत होता तो. "आई, तू चिखलात पडून होतीस आणि मला ते संध्याकाळी कळलं. आता पुरे. घर बंद कर, माझ्याकडे चल."

"बाराव्या मजल्यावर? तुझ्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते रे, मिलिंदा. मी तिथे बघू काय?"

"मला रात्री झोप येणार नाही इथे तू एकटी असलीस तर."

पोराची भीती खोटी नव्हती, हे त्यांनाही दिसत होतं. मी चहा घेऊन गेले होते, तशीच दारात उभी राहिले. टीपॉयवर सकाळच्या पेपरात घालून आलेली एक जाहिरात पडली होती. हिवाळ्यात आपल्याच डोंगरांतून पळायची शर्यत, पन्नास किलोमीटर, उजाडायच्या आधी निघायचं आणि दिवस मावळायच्या आत पोचायचं. बाईंनी डाव्या हाताने तो कागद उचलला, चष्मा लावून नीट वाचला आणि पोरासमोर ठेवला.

"हे पूर्ण केलं तर?"

मिलिंद रडता रडता हसला. "आई, पन्नास किलोमीटर! डोंगरातून! मला तरी जमेल का?"

"तुझं सोड. ज्या बाईला हे जमतं ती बाई घरात एकटी राहू शकते की नाही?"

"...राहू शकते."

"मग यंदा नाही, हात मोडलाय. पुढच्या हिवाळ्यात. वेळेत पूर्ण केलं तर मी इथेच राहणार आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं तर मी मुकाट्याने बॅग भरते. शेलार साक्षीला आहे."

मिलिंद लगेच हो म्हणाला. का नाही म्हणणार? त्याला वाटलं, जिंकलोच. एकच अट त्याने घातली, आईने डोंगरात एकटीने जायचं नाही. बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, मला जिना चढताना दम लागतो."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

प्लास्टर निघालं, हाड जुळलं आणि आमचं सुरू झालं. आधी तुंगार्लीच्या तलावापर्यंतचा चढ. पहिल्या दिवशी बाई साडी नेसूनच निघाल्या, दुसऱ्या दिवशी निऱ्या हातात घेऊन, तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाल्या, "शेलार, काहीतरी शिव." मी गुडघ्याच्या वर येणारा कुडता आणि घोट्याशी घट्ट सलवार शिवली. नेफ्याला दोन्ही बाजूंना चेनचे खिसे, पाठीवर एक आडवा. एका खिशात रुमाल, दुसऱ्यात मीठ आणि पाठीच्या खिशात मलिदा. शिळी भाकरी कुस्करून त्यात गूळ-तूप घालायचं आणि मुटके वळायचे. शनिवार-रविवारी पुण्याची पोरंपोरी सरावाला यायची. त्यातल्या एकीने बाईंना पळताना खायचं ते पाकिटातलं औषधासारखं गोड चाटण दिलं. बाईंनी चाखलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "टूथपेस्ट आहे गं." पण पोरीचं मन मोडायला नको म्हणून सगळं संपवलं. मग तिला मलिद्याचा मुटका दिला. तिने तिथेच बसून आणखी दोन मागितले.

थंडी पडली की आम्ही भुशीला जायचो. पावसाळ्यात जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे हिवाळ्यात चिटपाखरू नसतं. धरणाच्या पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. मक्याची कणसं भाजणाऱ्या एक मावशी कोपऱ्यात शेकोटी करून बसलेल्या असत. चार-पाच फेऱ्या त्यांनी नुसत्या बघितल्या, मग राहवेना. "काय हरवलंय का वं बाई?" आम्ही म्हणालो, नाही. त्यांना काही पटलं नाही. पुढच्या फेरीला पाहतो तर मावशी पदर खोचून पायऱ्यांवर वाकून शोधतायत! "कानातलं आसंल तर सांगा, न्हाईतर पान्यात जायाचं."

मी कुरकुर करायचे, रोज करायचे. गुडघा दुखतो, दुकान उघडायचंय, नवरा उपाशी बसलाय. बाई ऐकून घ्यायच्या आणि शिट्टी वाजवायच्या. पण खरं सांगायचं तर त्या वर्षात मला पहिल्यांदा कळलं की माझ्या दुकानाच्या मागे एक डोंगर आहे. इतकी वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून मशीन चालवत होते. बाई चढावर कधी धापा टाकत थांबल्या तर सांगायच्या नाहीत की दमले. "बघ शेलार, ते पवनेचं पाणी," असं म्हणून हात करायच्या आणि तेवढ्यात दम घ्यायच्या. मला सगळं कळायचं. मीही पवना बघायचे.

एकदा मात्र आमची चांगलीच जिरली. भातं कापून झाली होती, खाचरं मोकळी पडली होती आणि लोहगडाच्या पलीकडून पवनेच्या अंगाला उतरायचा बाईंचा बेत होता. बाईंकडे घडी घातलेला नकाशा. एका जागी वाट फुटली आणि ती फुटलेली वाट काही नकाशात नव्हती. मोबाईलला रेंज नाही. पेंढ्याच्या उडवीला टेकून एक आबा उन्हात बसले होते.

"आबा, खालचं गाव किती लांब आहे?" बाईंनी विचारलं.

"ह्ये काय, हितंच."

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हितंच म्हणजे किती?"

"म्हंजी हितंच की वं. त्यो वड दिसतोय न्हवं? त्येच्या मागं."

आम्ही वडाच्या मागे गेलो. वडाच्या मागे डोंगर होता. तो चढून उतरलो तर ओढा, ओढ्यानंतर करवंदीची जाळी. एक बाई म्हशी घेऊन येत होती, तिला विचारलं, तीही म्हणाली, "आलंच की, हितंच." पाणी संपलं, ऊन वर आलं, माझ्या बुटात कुसळं. बाई पुढे चालत होत्या आणि मोठ्याने वर्ग घेत होत्या. "या लोकांना एकक माहीत नाही! मैल माहीत नाही, किलोमीटर माहीत नाही! इतकी वर्षं मी घसा फोडला तो कशासाठी?" वाळक्या गवतावर त्यांचा पाय सटकला, पण तेवढ्यापुरता सुद्धा वर्ग थांबला नाही.

गाव लागलं तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. पहिल्याच घरातल्या वहिनीने हंड्यातलं गार पाणी दिलं. बाईंनी तांब्या रिकामा केला आणि तिलाच धारेवर धरलं. "तुमच्या त्या आबांनी आम्हाला हितंच का सांगितलं? सरळ सांगायचं ना, लांब आहे म्हणून!"

वहिनी हसायला लागली. "आवो बाई, लांब म्हनलं आसतं तर तुमी आला आसता का?"

बाईंनी रिकामा तांब्याच पुन्हा तोंडाला लावला. माझ्या उभ्या आयुष्यात ओव्हाळबाईंचीच कुणी शिकवणी घेतल्याचा तो पहिला प्रसंग, आणि तो वहिनींच्या पडवीत झाला याची मी मनात नोंद केली.

परतताना आम्हाला एका टेम्पोच्या हौद्यात जागा मिळाली. कांद्याच्या पोत्यांवर बसून बाई बुटातली कुसळं उपटत होत्या. मग आपणहून म्हणाल्या, "मी पुण्याला हॉस्टेलला गेले ना, शेलार, त्या पहिल्या दिवशी मी विचारलं, न्हानी कुटं हाय? मुली खोल्यांतून बाहेर आल्या. मला पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं, मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. तर आणखी मुलींना बोलावून आणलं. मग कळलं मला." टेम्पो खड्ड्यातून गेला, बाईंनी पोतं धरलं. "तुमच्यावर कुणी तसं हसू नये एवढंच होतं माझं. बाकी काही नव्हतं."

इतकी वर्षं मी त्यांची नक्कल करून लोकांना हसवत आले होते, 'हितं नाही, इथे'. मी त्यांचा तो मोडलेला हात मांडीवर घेऊन बसले.

शर्यतीचा रस्ता जाहीर झाला आणि बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. शेवटचा पाण्याचा थांबा होता करंजवाडीला. करंजवाडी म्हणजे बाईंचं माहेर. खिंडीच्या अलीकडे, पवनेच्या अंगाला. गावाच्या खालच्या बाजूला त्यांची वस्ती, तिथे आता एक धुरपाकाकी तेवढ्या होत्या, बाईंची चुलती. बाई लग्नाकार्याला आणि चौदा एप्रिलला जायच्या, निळ्या साडीत, आणि बोलायच्या वर्गात बोलल्यासारखंच. पण या खेपेला आम्ही सरावाच्या कपड्यांत घामाघूम होऊन काकींच्या अंगणात उतरलो. काकी वाल निवडत बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"सुले? आगं कवा आलीस? आन् ह्ये काय घातलंयस गं, पोरावानी?"

"आत्ताच आले गं, काकी. न्हाई, बसत न्हाई, घाम आलाय. हितंच उभी ऱ्हाते वाऱ्याला."

मी जागच्या जागी थिजले. मग मला इतका आनंद झाला की आवरेना. "बाई! न्हाई नाही, नाही. म्हणा!"

"गप बस, शेलार," बाई म्हणाल्या, पण कान लाल झाले होते.

शर्यतीच्या दिवशी पहाटे मैदानावर अशी थंडी की बोटांनी सेफ्टी पिन धरवेना. बाईंच्या कुडत्यावर नंबर मी शेवटी दोन टाके घालूनच बसवला, सुई-दोरा माझ्या पर्समध्ये असतोच. मिलिंद आणि त्याची बायको स्नेहा आले होते. त्याने बंगळूरची विमानाची तीन तिकिटं काढली होती, दुसऱ्या दिवशीची. लपवलं नव्हतं त्याने काही. तोच म्हणाला, "आई, तयारी असलेली बरी."

"तिसरं खिडकीजवळचं आहे का?" बाईंनी विचारलं. "स्नेहाला दे. तिला खिडकी आवडते."

मग सगळ्यांच्या डोक्यावरचे दिवे लागले, शिट्टी वाजली, म्हणजे आयोजकांची, बाईंची नव्हे, आणि ती दिव्यांची रांग डोंगराला लागली. बाई शेवटून दुसऱ्या की तिसऱ्या होत्या.

मिलिंदची अट सरावापुरती, शर्यतीत मी नव्हते, पण करंजवाडीच्या थांब्यावर नेमणूक मात्र मी मागून घेतली होती. पाणी, केळी, उकडलेले बटाटे मीठ लावून. नियम साधा होता. ठरलेल्या वेळेला वाटेवर दोरी बांधायची, त्यानंतर येणाऱ्याला पुढे सोडायचं नाही, जीपने परत न्यायचं. सकाळी पुण्याची तरणी पोरं वाऱ्यासारखी येऊन गेली. दुपारी माणसं चालत यायला लागली. उन्हं कलली. थांब्यावरचे साहेब घड्याळ बघून दोरी हातात घेऊन उभे राहिले, तेव्हा खालच्या खाचरातून बाई येताना दिसल्या.

पण कशा! एक पाय ओढत, सलवार गुडघ्यावर फाटलेली, अंबाडा सुटून शेपटा पाठीवर. काकींच्या अंगणाचा ओटा वाटेलाच लागून. त्यावर बाई बसल्या आणि म्हणाल्या, "संपलं, शेलार."

मी पाणी दिलं, मीठ दिलं, पोटरी चोळली. पोटरी दगडासारखी झाली होती. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "किती राहिलंय? खरं सांग. आकड्यात."

आकडा माझ्या हातातल्या कागदावर होता. नऊ किलोमीटर, आणि मध्ये खिंड. मी तो मुठीत दाबला. नऊ म्हटलं असतं तर त्या उठल्या नसत्या, आणि खोटं सांगायची मला त्यांच्यासमोर कधीच छाती झाली नाही. साहेब दोरीचं एक टोक झाडाला बांधायला लागले. ती दोरी बघताना मिलिंदने काढलेलं तिसरं तिकीट माझ्या डोळ्यांसमोर यायला लागलं.

काकी घरातून काठी टेकत आल्या. त्यांना शर्यतीतलं काही कळत नव्हतं. सुली दमून बसलीय आणि पुढे जायचंय, एवढंच कळलं.

"सुले, ऊठ. आसं मधीच बसत्यात का? हितंच तर जायाचंय."

"काकी," बाई म्हणाल्या, आणि आवाज अगदी लहान पोरीचा आला, "हितंच म्हंजी किती गं?"

"मला काय ठावं किती! तुजा बा रोज जायाचा ह्याच खिंडीतनं मळवलीच्या ठेसनावर, कामाची गाडी धरायला. कंदील घिऊन निघायचा आन् कंदील लावून यायचा. तुजी आय दारात हुबी ऱ्हायची. त्यो रोज म्हनायचा, भिऊ नगंस, हितंच जाऊन येतो."

बाईंनी खिंडीकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मग दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून उठल्या. मला म्हणाल्या, "मुटका आहे का गं एखादा?" मी माझ्या वाटचा दिला. तो तोंडात कोंबून, काकींच्या हातातली काठी ओढून घेऊन त्या साहेबांच्या समोरून गेल्या. साहेबांनी दोरी खाली धरली, त्या पलीकडे झाल्या आणि मग दोरी वर बांधली गेली.

"माजी काठी!" काकी ओरडल्या.

"आनून देते!" बाईंनी मागे न बघता सांगितलं.

थांबा आवरून मी जीपने मैदानावर पोचले तेव्हा सूर्य टेकला होता. मांडवाच्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. मिलिंद डोक्यावर हात घेऊन येरझाऱ्या घालत होता. मला म्हणाला, "ताई, मी कशाला हो म्हटलं? पडली असेल कुठेतरी ती. मला नाही जिंकायचं." स्नेहा त्याचा हात धरून होती. समोरच्या उतारावर डोंगराची सावली पसरली होती, तिथे कुणीच दिसत नव्हतं.

आणि शिट्टी ऐकू आली.

शाळेची शिट्टी, लांबलचक. मिलिंद गर्रकन वळला. ज्या शिट्टीचा अर्थ त्या पावसाळ्यात आख्ख्या आळीला कळला नव्हता, तो त्याला या खेपेला क्षणात कळला. "आई! आईच आहे ती!" आणि तो पळत सुटला. त्याला आई हरायला हवी होती, आणि तोच गळा फाडून ओरडत होता, "ये आई! पळ! थोडंच राहिलंय! पळ गं!" उतारावरून बाई येत होत्या, काठी टेकत, वेड्यावाकड्या. तो दोन्ही हात पसरून जवळ गेला तशी बाईंनी त्याच्या तोंडावर शिट्टी वाजवली. "बाजूला हो! हात लावलास तर बाद करतील मला!"

बाजूबाजूने माय-लेक, ती आखलेल्या वाटेवरून आणि तो वाटेबाहेरून, रडत, हसत आले. बाईंनी शेवटची रेघ ओलांडली तेव्हा वेळ अजून संपायची होती. किती, ते बाईंनी विचारलं नाही. त्यांनी आधी मला विचारलं, काकींची काठी परत कोण पोचवणार.

मिलिंदने तिथेच उभ्या उभ्या फोन काढून तिसरं तिकीट रद्द केलं. मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून मैदानात बसला. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही, शब्दाला जागला.

विषय बाईंनीच काढला. पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी भिंतीवरून म्हणाल्या, "शेलार, स्नेहाला सातवा महिना लागलाय. मी बंगळूरला चाललेय, बाळंतपणाला."

माझं टाळकंच सटकलं. "मग वर्षभर डोंगर कशाला पालथे घातले आपण? माझ्या गुडघ्यांचं काय?"

"तेव्हा मला नेत होते," बाई म्हणाल्या. "आता मी जातेय. थंडी पडायच्या आत येणार. यंदाच्या शर्यतीत नाव घातलंय. तुझंही घातलंय."

स्टेशनवर सोडायला मीच गेले. सकाळची गाडी, बरोबर एक बॅग आणि मलिद्याचा डबा. शिट्टी गळ्यात. गाडी येईपर्यंत मी शहाण्यासारखी वागले. त्या डब्यात चढून दारात उभ्या राहिल्या आणि माझा धीर सुटला. भर प्लॅटफॉर्मवर पदराने तोंड झाकून मी रडायला लागले. "बाई, किती लांब हो ते बंगळूर!"

बाईंनी डोळे वटारले. "लांब कसलं? रडतेस काय वेड्यासारखी? ह्ये काय, हितंच."

मी पदर खाली केला. त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं काय बोलून गेल्या ते.

"बाई, हितंच नाही!" गाडी हलली होती, मी बाजूने चालायला लागले, मग पळायला. "इथेच! म्हणा, इथेच!"

दारातून दोन आखूड शिट्ट्या आल्या, वर्ग गप्प करायच्या. मी गप्प झाले आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत पाठ सरळ करून उभी राहिले.